कोणी बुडलेलं नाही

पुसदला राहून स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या माणसाच्या काही तक्रारी असतात. एकेक सुटी सांगायला गेलं तर कोणी ऐकून घेणार नाही, इतक्या त्या लहान आहेत. म्हणून सगळ्या एकदम मांडतो आहे, आणि मनापासून मांडतो आहे.

सगळ्यात जुनी तक्रार गर्दीची. विहिरीच्या काठावर दोन माणसं काळे रबरी कपडे चढवून पाठीला टाकी बांधताना दिसली की रस्त्यावरची मोटारसायकल थांबते. मागोमाग दुसरी थांबते. शेजारच्या वावरात हरभऱ्याला पाणी देणारा माणूस फावडं तिथेच टाकून धुऱ्यावरून पळत येतो. प्रश्न सगळ्यांचा एकच, "कोन बुडलं?" कोणी बुडलेलं नाही, आम्ही सहज खाली चाललो आहोत, असं सांगितलं तर पटत नाही. लोक विहिरीच्या कठड्याला धरून वाकून बघत राहतात. एकाने तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोलिसायनं सांगू नका म्हनलं का?"

त्या माणसाचा मला राग आला नाही. आमच्याकडे टाकी लावून पाण्यात उतरणारा माणूस दिसतो तो शोध-बचाव पथकातलाच. गणपती विसर्जनाला काही विपरीत झालं, पैनगंगेच्या पुरात कोणी वाहून गेलं, की त्यांना बोलावणं जातं. त्या पाण्यात डोळ्यांना हातभर अंतरावरचंही दिसत नाही. हातांनी गाळ चाचपत, दोरीच्या आधाराने ते पुढे सरकतात, आणि ज्याला शोधायचं तो हाताला लागला की त्यांचं काम पुरं होतं. त्यांच्या धैर्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यामुळे झालं असं, की टाकी म्हटली की मरण, असंच समीकरण आमच्या भागात बसून गेलं. पाण्याखालून हसत वर आलेला माणूस इथे कोणी पाहिलेलाच नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

दुसरा त्रास नातेवाइकांचा. कोणी अंदमानला जाऊन येतं, कोणी मालदीवला, आणि फोनवर निळ्याशार पाण्यातले फोटो दाखवतं. मी पाहतो, मला आवडतात. मग ते विचारतात, "आणि तू त्या विहिरीत काय पाहतोस?" मी सांगायला सुरुवात करतो. दुसऱ्या वाक्याला त्यांचा अंगठा पुढच्या फोटोवर गेलेला असतो.

मालवणबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी स्वतः तिकडेच शिकलो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आणि मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवरची प्रवाळं पाहताना मी भान विसरलो होतो. पण पुसदहून मालवणला जायचं म्हणजे महाराष्ट्र एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओलांडायचा. पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद. रजा, तिकिटं, राहणं, सगळं जुळून आलं तर वर्षातून एकदा जमतं, आणि बहुतेक वर्षी जुळून येत नाही. मग मधल्या काळात पाण्याची आवड असलेल्या माणसाने काय करायचं? आमचे लोक म्हणतात, वाट पाहायची. मला ते मान्य नाही.

ज्या यंत्रामुळे माणूस टाकी घेऊन पाण्याखाली मोकळा फिरू लागला, त्याची पहिली चाचणी कुठे झाली हे मी अनेकांना सांगून पाहिलं आहे. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केलं आणि १९४३च्या जानेवारीत ते पाण्यात नेऊन पाहिलं. ते पाणी होतं पॅरिसजवळच्या मार्न नदीचं. थंडीतली, गावाजवळची, साधी नदी. आडवं असताना हवा नीट मिळायची, पण कुस्तो पाण्यात उभा राहिला की हवा भसाभस वाया जायची. उच्छ्वासाची झडप आणि हवा घेण्याची झडप एका पातळीवर आणल्यावर ती अडचण सुटली. निळ्या भूमध्य समुद्रात ते यंत्र गेलं त्यानंतर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. म्हणजे या सगळ्या छंदाचा जन्मच घराजवळच्या नदीत झालेला आहे.

इंग्लंडमध्ये लेस्टरशायर नावाच्या परगण्यात स्टोनी कोव्ह नावाची एक दगडाची खदान आहे. तो परगणा समुद्रापासून चांगलाच लांब, देशाच्या मधोमध. खदानीचं काम थांबल्यावर झऱ्यांच्या पाण्याने ती भरली, आणि आज तिथे इंग्रज लोक वर्षभर रांगा लावून उतरतात. खोली पस्तीस-छत्तीस मीटर, पाणी गार, दिसणं बेताचं. पाहायला काही असावं म्हणून २००० साली त्यांनी एक जुनी टग बोट मुद्दाम तळाशी बुडवली. समुद्रावर राज्य केलेल्या लोकांना खदानीत उतरायला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे मात्र यवतमाळ जिल्ह्यातला माणूस विहिरीत उतरला की त्याच्या डोक्यावर परिणाम झाला का, अशी कुजबुज सुरू होते.

आणि साध्या पाण्यात काही नसतं, हे मुळात खोटं आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव पुण्यातल्या संस्थेमुळे लोकांना ठाऊक असतं. त्यांचा जन्म १८८४चा, मालवणचा. हा मालवणचा माणूस तरुणपणी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सह्याद्रीतल्या नद्यांचं पाणी धुंडाळत फिरला, आणि तिथे त्याला गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तशा जातीचा जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होता. १९१२ साली ‘नेचर’मध्ये त्याची नोंद छापून आली. त्या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या लोक धुणी धुत होते, गुरं पाजत होते. पाण्यात डोकावून नीट पाहणारा एक माणूस यायचा बाकी होता, एवढंच.

आमची विहीर मामांची आहे. पुसदपासून फार लांब नाही, पूस नदीच्या खोऱ्यातच. चाळीस फूट खोल. वर दगडी बांधकाम, त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. पावसाळ्यात ती तुडुंब असते, पण पाणी इतकं गढूळ की स्वतःचं मनगट दिसत नाही. दिवाळीनंतर गाळ बसत जातो. डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा फुटांपर्यंत स्वच्छ दिसतं, आणि आमच्या भागाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट आहे. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं, पाणी शेवाळाने हिरवं होतं, आणि एप्रिलनंतर उतरण्याइतकं पाणी उरत नाही. म्हणजे हंगाम दोन-अडीच महिन्यांचा.

आता अडचण अशी, की नेमका हाच काळ गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताचा. पाणी निवळतं तेव्हाच मामांना ते उपसायचं असतं. शेतीची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात ती दिवसा असते त्या आठवड्यात विहिरीत उतरता येत नाही, कारण ओलीत बुडतं. ज्या आठवड्यात रात्री असते, त्या आठवड्यात मामा रात्रभर जागलेले असतात आणि सकाळी आमच्यासाठी काठावर बसायला त्यांच्यात त्राण नसतं. काठावर एक जाणता माणूस असल्याशिवाय आम्ही खाली जात नाही. शिवाय मोटारीला ऑटो बसवलेला आहे. वीज आली की मोटर आपली आपण चालू होते. त्यामुळे उतरण्याआधी मेन स्विच पाडायचा, तिन्ही फ्यूज काढायचे आणि मामांच्या हातात द्यायचे. आम्ही दोघं वर येऊन कठड्याच्या बाहेर उभे राहेपर्यंत त्यांनी ते कोणालाही द्यायचे नाहीत, हा करार आहे. तो मामा पाळतात. पण दर पाच मिनिटांनी दोरी हलवून विचारतातही. वर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "लवकर आटपा बापा, लाइन येईन."

मी आणि माझा मामेभाऊ जोडीने उतरतो. एकट्याने जायचं नाही, हा नियम समुद्रात आहे तसा विहिरीतही आहे. शिडी उतरून पाण्यात छातीपर्यंत गेलो की मास्क लावायचा आणि डोकं खाली घालायचं. त्या क्षणी वरचे सगळे आवाज तुटतात. स्वतःचा श्वास आणि बुडबुड्यांची सरसर, एवढंच ऐकू येतं.

दहा फुटांवर पाषाणात एक कपार आहे. तिथे चिलापी राहते. ही मासळी मुळात आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली, आणि आता महाराष्ट्रातल्या कोणत्याही डबक्यात सापडते. बाजारात तिला भाव नाही, मासेमार तिला शिव्या घालतात, आणि इतर माशांच्या जागा तिने बळकावल्या हेही खरं आहे. पण एकदा कपारीसमोर मी न हलता थांबलो होतो. मादी तोंडाशी फुगलेली दिसली. तिच्याभोवती तांदळाच्या कणीएवढी पिल्लं घुटमळत होती. मामेभावाचा फिन खडकाला लागला, गाळाचा छोटासा लोट उठला, आणि ती सगळी पिल्लं एकदम आईच्या तोंडाकडे धावली. तिने तोंड उघडलं आणि सगळी आत गेली. लोट विरला, ती थोडी मागे सरली, आणि मग एकेक करून पिल्लं पुन्हा बाहेर आली. शेवटची दोन बाहेर यायला तयार नव्हती. ही मादी अंडी तोंडातच उबवते. ते दहा-बारा दिवस ती जवळपास काही खात नाही. मालदीवच्या फोटोंमध्ये मी असं काही पाहिलेलं नाही.

आणखी खाली, पाषाणाला जिथे चीर गेली आहे तिथे झरा आहे. वरून पाहणाऱ्याला झरा म्हणजे भिंतीवरची ओल वाटते. खाली गेल्यावर तो हालचालीवरून ओळखायचा. चिरेच्या तोंडाशी बारीक वाळूचे कण सतत उडत असतात, खाली बसतात, पुन्हा उडतात. थंडीत जमिनीतून येणारं पाणी विहिरीतल्या पाण्यापेक्षा जरा कोमट असतं. दोन्ही पाणी जिथे मिसळतात तिथे नजर थरथरते, मागचा खडक हलल्यासारखा दिसतो. तिथे हात धरला की बोटांना ऊब कळते. माझ्या मामांनी, त्यांच्या वडिलांनी या झऱ्यावर आयुष्य काढलं. कोणत्या बाजूने पाझर आहे, कोणत्या महिन्यात तो आटतो, हे त्यांना अचूक माहीत आहे. पण वाळू कशी नाचते ते त्यांनी पाहिलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फोटो काढून आन."

इथे फोटोची तक्रार सुरू होते. पाण्यात लाल रंग पहिल्या काही फुटांतच शोषला जातो. आमच्या पाण्यात शेवाळाचा अंश असतो, तो निळाही खातो. उरतो तो हिरवा. मी काढलेला प्रत्येक फोटो हिरवा येतो, आणि तो पाहणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "काईच दिसत नाई." डोळ्यांना जे दिसलं ते फोटोत उतरत नाही, हा माझा दोष नाही आणि विहिरीचाही नाही. माशाच्या लांबीबद्दलही तेच. मास्कच्या काचेतून वस्तू साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठी आणि चौथ्या हिश्श्याने जवळ दिसते. हे मला ठाऊक असल्यामुळे मी नेहमी चौथाई वजा करूनच लांबी सांगतो. तरीही घरात मी सांगितलेल्या लांबीवर पुन्हा अर्धी कपात होते. एवढा अविश्वास बरा नाही.

टाकीचं तर सांगण्यासारखं फार आहे. आमच्या टाक्या बारा लिटरच्या आहेत, दोनशे बार दाबाने भरलेल्या. त्यात साधी, गाळलेली, कोरडी हवा असते. आपण आत्ता श्वासात घेतो आहोत तीच. पण २०२१ सालच्या कोरोनाच्या लाटेनंतर आमच्या गल्लीत टाकी म्हणजे ऑक्सिजन आणि ऑक्सिजन म्हणजे घरात कोणाचं तरी जास्त आहे, हे पक्कं झालं. गाडीतून टाकी उतरवताना कोणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत दोन-तीन घरांतून माणसं येतात. काकू डबा घेऊन येतात. त्यांची काळजी खरी असते, म्हणून मला अवघडायला होतं. आई सगळ्यांना चहा करते आणि सांगते, सगळे बरे आहेत, तो विहिरीत जातो. मग त्यांची काळजी आणखी वाढते.

ही टाकी पुसदमध्ये भरून मिळत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने ती भरता येत नाही. तो दाब कुठे आणि दोनशे बार कुठे. शिवाय त्या हवेत तेलाची वाफ असते आणि ती फुप्फुसात गेलेली चालत नाही. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा लागतो. आमच्या टाक्या पुण्याहून भरून येतात, कोणी ओळखीचं मोटारीने येणार असेल तेव्हा. भरलेली टाकी घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. म्हणून पुण्याहून इकडे लग्नाला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबावर माझं लक्ष असतं. डिकीत जागा आहे का, हे मी पत्रिका मिळाल्याच्या दिवशी विचारतो. लोकांना ते आवडत नाही.

पण एकदा टाकी आली की उथळ पाण्याचा फायदा कळतो. बारा लिटर गुणिले दोनशे, म्हणजे चोवीसशे लिटर हवा. त्यातली सहाशे लिटर राखीव ठेवायची. शांत माणसाला वर मिनिटाला वीस लिटर लागते. वीस फुटांवर दाब दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे बत्तीस लिटर. तर पाऊण तासापेक्षा जास्त वेळ आरामात मिळतो. हाच माणूस समुद्रात वीस मीटरवर गेला तर दाब तिप्पट, हवा अर्ध्या तासात संपते. पैसे मोजून इतक्या लांब जाऊन अर्धा तास, आणि मामांच्या विहिरीत पाऊण तास. शिवाय गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं असल्यामुळे कमरेचं वजनही दोन-अडीच किलोने कमी बांधावं लागतं. समुद्र नाही म्हणून सगळाच हिशेब सोपा होतो असं मात्र नाही. पुसद समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून उंच आहे, आणि डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते तेवढ्याच उंचीपर्यंत जसेच्या तसे वापरतात. त्यापुढे उंचीची दुरुस्ती करावी लागते. विहिरीच्या खोलीला तिचा फारसा फरक पडत नाही, पण आम्ही ती करतो.

माझं मन सगळ्यात जास्त ज्याने दुखतं ते वेगळंच आहे. वर आलो की काठावरचा प्रत्येक जण म्हणतो, "आम्हाला बी एक चक्कर मारू द्या." मी नाही म्हणतो आणि माणसं दुरावतात. गावात मी कंजूष म्हणून ओळखला जातो. कारण सांगतो, पण ते उभ्या उभ्या पटत नाही. टाकीतून खाली घेतलेला श्वास माणसाने वर येताना धरून ठेवला तर तो छातीत फुगतो. दहा फुटांवरून वर येईपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश. फुप्फुसाला एवढं फुगायला जागा नसते आणि ते फाटतं. पोहता येणाऱ्या माणसाची सवय श्वास धरण्याचीच असते, म्हणून विहिरीत वाढलेल्या उत्तम पोहणाऱ्याला धोका जास्त. शिकल्याशिवाय तोंडाला रेग्युलेटर लावू देणार नाही म्हणजे नाही. मास्क मात्र मी सगळ्यांना देतो. मास्क लावून, कठड्याच्या पायरीला धरून, तोंड पाण्यात घालून बघा म्हणतो. एका शाळकरी मुलीने तसं पाहिलं आणि ती बराच वेळ वर आलीच नाही. श्वास घ्यायला तोंड वर काढायची आणि लगेच पुन्हा खाली. तिला पाणढेकणाच्या जातीचा एक किडा दिसला होता, ज्याच्या पाठीवर अंडी चिकटवलेली असतात. तो नर असतो. मादी अंडी त्याच्या पाठीवर घालते आणि निघून जाते, पिल्लं निघेपर्यंत तो ती वागवतो. हे सांगितल्यावर ती मुलगी कोरडी व्हायच्या आधी आजीला सांगायला पळाली.

पुसद हे पाण्याचा विचार करणारं गाव आहे. वसंतराव नाईक इथल्या गहुलीचे. ते १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणि १९७२च्या दुष्काळातली रोजगाराची कामं त्यांच्याच कारकिर्दीतली. कितीतरी पाझर तलाव त्या काळातले आहेत. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक यांनी जलसंधारणाचा ध्यास घेतला होता. पूस धरण, इसापूर, पाझर तलाव, आमच्या आजूबाजूला पाणी साठवण्यासाठी माणसांनी अपार कष्ट केले आहेत. पावसाळ्यात चहाच्या टपरीवर रोज विचारतात, "इसापूर किती टक्के?" जिवंत साठा ९६४ दलघमी, हे अनेकांना तोंडपाठ आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. माझं म्हणणं इतकंच, की ज्या पाण्याची टक्केवारी आपण दशांशापर्यंत वाचतो, त्याच्या पृष्ठभागाखाली एक हात जाऊन पाहायला कोणाला का वाटू नये?

धरणात उतरायला मनाई आहे. दरवाज्यांजवळ, सांडव्याजवळ, पाणी खेचणाऱ्या विहिरीजवळ ती असायलाच हवी, तिथे माणूस ओढला जातो. मनाईची पाटी मी कधी ओलांडलेली नाही. पण मैलोन् मैल पसरलेल्या काठावर शंभर मीटरचा एक सुरक्षित पट्टा, तरंगत्या डब्यांची दोरी बांधून, देखरेखीखाली, पोहायला आणि मास्क लावून पाहायला मोकळा ठेवता येईल. परवानगी मागायची तर अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, हेच ठरत नाही. पाणी एका खात्याचं, मासे दुसऱ्याचे, काठ तिसऱ्याचा.

एका गावाच्या पाझर तलावात ग्रामपंचायतीला विचारून आम्ही मास्क आणि नळी लावून पोहतो. तिथे तळाशी जे दिसतं ते सांगायला हवं. बाटल्यांच्या काचा. नायलॉनच्या तुटक्या जाळ्या, ज्या कोणाच्या कामाच्या राहिलेल्या नाहीत आणि तरीही मासे पकडत राहतात. आणि निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ मारून. फुलं वाहायची तर मोकळी वाहावीत. गाठ मारलेली पिशवी दोन वर्षांनी काढली तर आतली फुलं काळी होतात पण जात नाहीत. आम्ही दर वेळी पोतं भरून वर आणतो. काठावरचे लोक पोत्याकडे बोट दाखवून विचारतात, "काय घावलं?" उघडून दाखवलं की चेहरे पडतात. घागरभर मोहरा निघायला हव्या होत्या.

यंदा एक नवीनच प्रश्न उभा राहिला आहे. मामांनी बोअर घेतला. त्याला पाणी बरं लागलं, त्यामुळे विहिरीची गरज कमी झाली. शेजारच्या गावात एक लहान मुलगा उघड्या विहिरीत पडला, वाचला, पण मामी हादरल्या. विहिरीवर लोखंडी जाळी टाकायची ठरलं. ते योग्यच आहे, मी स्वतः निम्मे पैसे देतो म्हणालो. माझी विनंती एवढीच, की जाळीला एक झाकण ठेवा. वेल्डरने झाकण अडीच बाय अडीच फुटांचं धरलं, कारण बादली आणि पाइप तेवढ्यातून जातो. अडीच फुटांतून पाठीला टाकी बांधलेला माणूस शिडीवरून उतरू शकत नाही, टाकी कडेला अडकते. मामेभावाच्या पाठीला टाकी बांधून, त्याला दुकानासमोर उभं करून, मी वेल्डरला टेप लावून दाखवलं. त्याने आधी विचारलं, कोणी बुडलं का. मग माप लिहून घेतलं. तीन बाय तीन. आणि कडी आतूनही उघडणारी. ती तशी का हवी, हे त्याला दोनदा समजावून सांगितलं आहे. काम संक्रांतीच्या आत व्हायला पाहिजे, नाहीतर पाणी हिरवं होईल.